लेबलं विस्कटली तरी मॉडेल बरोबरच : पदवीच्या दोन विद्यार्थ्यांचं दहा आठवड्यांचं प्रकरण

पाचव्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली, लॅपटॉप उघडला आणि काही न बोलता उभी राहिली. पडद्यावर एकच आकडा होता, नव्वदीच्या बराच पुढचा. मी अभिनंदन करायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, मी सगळी लेबलं विस्कटून टाकलीत. डावं-उजवं मनाला येईल तसं चिकटवलंय. तरी अचूकता एवढीच येतेय."

मेंदूच्या लहरींवरून माणूस डाव्या मुठीची कल्पना करतोय की उजव्या, हे मॉडेलने ओळखायचं होतं, आणि लेबलं म्हणजे त्याची बरोबर उत्तरं. जवळपास दोन आठवडे आम्ही ज्या निकालावर खूश होतो, तो मेंदूविषयी काहीच सांगत नव्हता, हे पुढच्या अर्ध्या तासात आमच्या लक्षात आलं. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मेंदूविज्ञान यांच्या सांध्यावर पदवीच्या मुलांना संशोधनाची संधी द्यायची, असं आपण सहज म्हणतो. त्यांना नेमकं काय द्यायचं असतं, हे मला त्या दहा आठवड्यांत जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. त्यात एक चूक माझी आहे. ती वगळली तर प्रकरण अर्धंच राहील, म्हणून तीही लिहिते आहे.

दोघं कोण होती

ती संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. डीप लर्निंग बरंचसं स्वतःच शिकलेली, हात वेगवान. तिच्या पहिल्या ईमेलमध्ये "मला मेंदूच्या डेटावर एआय वापरून काहीतरी करायचं आहे" एवढंच होतं. तो मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. प्रोग्रामिंग जेमतेम, पण संख्याशास्त्र पक्कं होतं, आणि एका प्रयोगात लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी चढवण्याचं काम त्याने महिनाभर केलं होतं.

मी दोघांना जोडीनेच घेतलं. अशा प्रकल्पांत बहुतेक वेळा संगणकवाला मॉडेल बनवतो आणि मेंदूविज्ञानाची बाजू प्रस्तावनेतल्या दोन परिच्छेदांपुरती उरते. मला असा प्रश्न हवा होता की दोघांपैकी एकालाही तो एकट्याने सोडवता येऊ नये.

निवडीच्या वेळी मी गुणपत्रिका मागितल्या नाहीत. दोघांना एक ईईजीची, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत् लहरींची, नोंद दिली, सोबत ती कशी घेतली याची माहिती दिली आणि तासाभरात सुचतील ते प्रश्न लिहायला सांगितले. तिने विचारलं होतं, "मध्येच पुढच्या सगळ्या रेषा एकदम उसळतात, हे काय आहे?" ती माणसाने डोळे मिचकावल्याची खूण होती, आणि पहिल्याच तासात ती नजरेला पडणं ही चांगली गोष्ट होती. त्याचा प्रश्न होता, "माणूस हाताची कल्पना करत असतो तेव्हा त्याच्यासमोर पडद्यावर काय दिसत असतं?" तेव्हा मला तो प्रश्न बरा वाटला, एवढंच. त्याची खरी किंमत सातव्या आठवड्यात कळली.

प्रश्न आणि डेटा

माणसाने डावी किंवा उजवी मूठ उघडण्या-मिटण्याची नुसती कल्पना केली, तर त्याच्या ईईजीवरून मूठ कुठली ते ओळखता येईल का? आणि तेही मॉडेलने ज्याला पूर्वी कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या बाबतीत? हाच आमचा प्रश्न होता. वाक्याचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. हात हलवता न येणाऱ्या माणसासाठी विचारावर चालणारं उपकरण बनवायचं, तर प्रत्येकासाठी तासन्‌तास नव्याने नोंदी घेत बसणं परवडत नाही.

नवीन नोंदी घ्यायच्या नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवलं. माणसांवरचा प्रयोग म्हटला की नैतिक समितीची मंजुरी, स्वयंसेवक, उपकरणाच्या वेळा हे सगळं आलं, आणि त्यातच दहा आठवडे संपतात. फिजिओनेट या ऑनलाइन संग्रहावर १०९ स्वयंसेवकांच्या नोंदी कुणालाही वापरायला खुल्या आहेत. ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला १६० नमुने, प्रत्येकाच्या १४ फेऱ्या. त्यांतल्या दोन एकेका मिनिटाच्या, नुसतं बसून राहण्याच्या, एक डोळे उघडे ठेवून आणि एक मिटून. उरलेल्या बारा दोन-दोन मिनिटांच्या. डाव्या-उजव्या मुठीच्या कल्पनेच्या तीन फेऱ्या, म्हणजे माणशी साधारण ४५ ट्रायल (एकदा केलेली कल्पना म्हणजे एक ट्रायल). पदवीच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. डेटा खरा आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर मावतो, आणि त्यात दडलेल्या अडचणीही खऱ्या आहेत.

मॉडेल म्हणून ईईजीनेट घेतलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेलं हे नेटवर्क अगदी लहान आहे, आणि शिकवण्याच्या दृष्टीने त्याचं मोल निराळं आहे. पहिला थर वेळेच्या दिशेने गाळण्या शिकतो, म्हणजे कुठल्या लयीकडे लक्ष द्यायचं ते ठरवतो. दुसरा थर प्रत्येक लयीसाठी इलेक्ट्रोडना वजन देतो, म्हणजे डोक्यावर कुठे पाहायचं ते ठरवतो. शिकून झाल्यावर ही वजनं काढून डोक्याच्या नकाशावर रंगवता येतात. मॉडेलच्या आत डोकावता येणं ही सोय पुढे आमच्या फार कामी आली.

पहिल्या आठवड्यात कोड लिहायचा नाही असा माझा दंडक होता. नुसतं वाचायचं. १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं गणिती प्रारूप मांडलं तेव्हा पिट्स वीस वर्षांचा होता, हे ऐकून दोघंही जरा ताठ बसली. परसेप्ट्रॉन हे सुरुवातीचं शिकणारं नेटवर्क रचणारा रोझेनब्लाट मानसशास्त्रज्ञ होता, हे त्याला विशेष आवडलं. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या दृक्-कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पाहण्याच्या भागात, रेषांच्या कलाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या, त्यावरून फुकुशिमांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे नेटवर्क रचलं, आणि आज ती जे कन्व्होल्यूशन तीन ओळींत लिहिते त्याचं मूळ तिथे आहे, हे तिला नवीन होतं. उलट दिशेचा रस्ताही मी दाखवला. १९९७ मध्ये शुल्ट्झ, दायान आणि माँटग्यू यांनी डोपामीन पेशींचं वागणं संगणकशास्त्रातल्या रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या, म्हणजे बक्षिसावरून शिकण्याच्या, गणिताने समजावलं. २०१४ मध्ये असं दिसलं की वस्तू ओळखायला शिकलेलं नेटवर्क माकडाच्या दृष्टिव्यवस्थेतल्या पेशींचा प्रतिसादही बऱ्यापैकी वर्तवतं, आणि त्याला तसं कुणी शिकवलेलं नव्हतं. ही मुलं ज्या सांध्यावर काम करणार होती तिथे ऐंशी वर्षं ये-जा चालू आहे, हे त्यांना आधी कळायला हवं होतं.

माझी चूक

दुसऱ्या आठवड्यात मी तिला आधीच्या एका प्रकल्पातली तयार स्क्रिप्ट दिली. वेळ वाचावा, एवढाच हेतू. ती स्क्रिप्ट चार सेकंदांच्या प्रत्येक ट्रायलमधून एकेका सेकंदाचे तुकडे कापायची, आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाने पुढे सरकलेला असायचा. एका ट्रायलचे ३१ तुकडे व्हायचे. मग सगळ्या माणसांचे सगळे तुकडे एका ढिगात मिसळून त्यांतले ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला.

जाणकार वाचकाच्या कपाळाला इथेच आठी पडली असेल. माझ्या पडली नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडा नव्वदीपार गेला, मी तो लॅबच्या बैठकीत दाखवला आणि तिची पाठ थोपटली. इतकी वर्षं या विषयात काढल्यावर ईईजीवरून अनोळखी माणसाची कल्पना एवढी स्वच्छ वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. पण आकडा हवासा होता, म्हणून मी विचारलं नाही. पुढे हे मी त्या दोघांना याच शब्दांत सांगितलं.

त्याच दिवसांत तो एका कोपऱ्यात वेगळंच काहीतरी करत बसला होता. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण दहा वेळा हेलकावणारी अल्फा लय उठते. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाचा ईईजी पहिल्यांदा प्रसिद्ध केला तेव्हापासून ती सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक माणसाची अल्फा नेमकी किती हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला किती हेलकाव्यांची, याची तो यादी करत होता. मी सांगितलेलं नव्हतं, मॉडेलला लागणारं नव्हतं. एके दिवशी तो म्हणाला, "काही जणांची अल्फा जरा जास्तच वेगवान आहे. असं का?"

फाइलच्या शीर्षकात उत्तर होतं. ८८, ९२ आणि १०० या क्रमांकांच्या नोंदी १६० नव्हे तर १२८ हर्ट्झने घेतलेल्या आहेत. आमची स्क्रिप्ट सगळ्यांना १६० धरून चालली होती, त्यामुळे त्यांचा काळ आकसला आणि दहा हर्ट्झची लय साडेबारा हर्ट्झची दिसू लागली. या डेटावर सतत काम करणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असते आणि ते या नोंदी बहुतेक वेळा वगळतात. पण त्याला ती कुणी सांगितली नव्हती. नव्या माणसाने मेंदूची लय ओळखून फाइलमधली तफावत पकडली, आणि मॉडेल मात्र त्या नोंदी निमूट गिळून उत्तम गुण मिळवत राहिलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

लेबलं विस्कटणं

लेबलं विस्कटायची कल्पनाही त्याचीच. आठवड्याच्या बैठकीत त्याने साधा प्रश्न विचारला, "डेटात काहीच नसतं, तर हा आकडा किती आला असता?" मानसशास्त्राच्या संख्याशास्त्रात हा प्रश्न पहिल्या वर्षापासून शिकवतात. ती म्हणाली, "अरे, पन्नासच येणार. दोनच तर पर्याय आहेत." तो म्हणाला, "मग एकदा बघ ना करून."

तिने पन्नास येणार म्हणून केलं आणि नव्वद आले. दोन दिवस ती स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आली.

कारण समजायला सोपं आहे. शेजारच्या दोन तुकड्यांतले १६० पैकी १४४ नमुने तेच असतात. एका ट्रायलचे ३१ तुकडे ढिगात मिसळले की त्यांतले पंचवीसेक शिकवणीत जातात आणि सहाएक परीक्षेत. परीक्षेत आलेला प्रत्येक तुकडा मॉडेलने थोड्या फरकाने आधीच पाहिलेला असतो. आपल्या भाषेत याला पेपर फुटणं म्हणतात. डावं काय, उजवं काय, हे मॉडेल शिकतच नव्हतं. हा तुकडा कुठल्या ट्रायलमधला आणि त्या ट्रायलवर कुठली चिठ्ठी लावलेली, एवढं त्याने पाठ केलं होतं. चिठ्ठी खरी की खोटी, याने त्याला काही फरक पडत नव्हता.

यात एक बारकावा आहे आणि तो मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला समजावते. तिने लेबलं ट्रायलच्या पातळीवर विस्कटली होती, म्हणजे एका ट्रायलच्या सगळ्या तुकड्यांना एकच खोटं लेबल मिळालं. हेच तिने तुकड्यांच्या पातळीवर केलं असतं, तर जवळजवळ सारख्याच तुकड्यांना उलटसुलट लेबलं मिळाली असती, पाठांतर मोडलं असतं, आकडा निमूट पन्नासवर आला असता, आणि सगळं ठीक आहे म्हणून आम्ही पुढे गेलो असतो. म्हणजे योग्य नावाची तपासणी चुकीच्या पातळीवर केली तर ती खोटा दिलासा देते. ट्रायलच्या पातळीवर का विस्कटलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कल्पना माणसाने एकदाच केलीय ना मॅडम, एकतीस वेळा नाही." त्या वाक्यात ती मला पहिल्यांदा संशोधक वाटली. तोवर ती डेटाचे तुकडे पाहत होती, आता तिला तुकड्यामागे खुर्चीत बसलेला माणूस दिसत होता.

आम्ही एकटे नव्हतो, हे वाचल्यावर दोघांना जरा बरं वाटलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, मशीन लर्निंग वापरणाऱ्या १७ क्षेत्रांतल्या २९४ शोधनिबंधांना अशाच प्रकारच्या गळतीने, म्हणजे पेपर फुटण्याने, ग्रासल्याचं दाखवलं आहे. ईईजीवरून माणूस कुठल्या प्रकारचं चित्र पाहतो आहे ते ओळखल्याचा एक गाजलेला दावा २०१७ मध्ये झाला होता. त्या प्रयोगात एका प्रकारची सगळी चित्रं सलग दाखवली होती, आणि मॉडेल चित्राऐवजी नोंदीतली वेळ ओळखत असावं, असं नंतरच्या टीकाकारांनी दाखवलं. मुरलेल्या लोकांनाही हे चकवतं. म्हणून पदवीच्या मुलांना यापासून लांब ठेवायचं नाही, उलट पहिल्याच प्रकल्पात यात उतरवायचं, असं माझं मत झालं आहे.

नजरेचा खेळ

सहाव्या आठवड्यात विभागणी माणसांनुसार केली. शिकवणीतला माणूस परीक्षेत येणारच नाही. आकडा घसरून साठी आणि सत्तरीच्या मध्ये आला. ती दोन दिवस हिरमुसली होती. "पोस्टरवर आता काय लावायचं?" असं तिने विचारलं, आणि माझ्याकडेही चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं.

मग त्याने स्वतःचा पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा काढला. पडद्यावर काय दिसत असतं? या प्रयोगात पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला एक खूण येते, आणि ज्या बाजूला खूण त्या बाजूच्या मुठीची कल्पना ती खूण जाईपर्यंत करत राहायची असते. म्हणजे डाव्या हाताची कल्पना करताना माणूस डावीकडे पाहत असण्याची शक्यता भरपूर. डोळा हा चक्क एक छोटा विद्युत्-ध्रुव आहे. पुढचा पारपटल मागच्या दृष्टिपटलाच्या तुलनेत धन असतो. नजर वळली की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा संकेत उमटतो. विभागणी कितीही काटेकोर केली तरी ही वाट बंद होत नाही, कारण हा फुटलेला पेपर नाही. नजरेचा संकेत प्रत्येक नव्या माणसातही खराच असतो. फक्त तो डोळ्यांचा आहे, कल्पनेचा नाही.

पुढचे दहा दिवस या प्रकल्पातले सगळ्यात समृद्ध होते. तपासणीचे तीन मार्ग दोघांनी मिळून आखले. मी फक्त ऐकत होते. पहिला, डोळ्यांजवळचे मोजके इलेक्ट्रोड आणि केवळ संथ लहरी एवढंच देऊन मॉडेल शिकवायचं. कल्पना तिथून वाचता येण्याचं कारण नाही, मग जे काही वाचलं जाईल ते नजरेचं. दुसरा, उलटा मार्ग : डोक्याच्या मधल्या पट्ट्यातले इलेक्ट्रोड आणि ८ ते ३० हर्ट्झच्या लयी एवढंच ठेवायचं. तिसरा, पूर्ण मॉडेलच्या दुसऱ्या थरातली वजनं डोक्याच्या नकाशावर काढून पाहायची.

पहिल्या मार्गाचं उत्तर झोंबणारं होतं. डोळ्यांजवळचे इलेक्ट्रोडच जवळपास पूर्ण मॉडेलएवढे गुण मिळवत होते. नकाशानेही तेच सांगितलं, वजनांचा गडद रंग कपाळाच्या दोन्ही कडांवर होता. दुसऱ्या मार्गाने आकडा आणखी खाली, साठीच्या थोडा वर उतरला. पण त्या मॉडेलचे नकाशे काढले तेव्हा दोघंही खुर्चीतून उठून पडद्याजवळ आली. सी३ आणि सी४ या दोन जागा उजळल्या होत्या, डाव्या आणि उजव्या अर्ध्या मेंदूतल्या हाताच्या प्रदेशांवरच्या. डाव्या मुठीच्या कल्पनेत उजव्या बाजूची म्यू लय, म्हणजे हात स्वस्थ असताना त्याच्या प्रदेशावर उठणारी लय, दबत होती, उजव्या मुठीच्या कल्पनेत डावी. पाठ्यपुस्तकात हे वाक्य त्याने कितीदा वाचलं असेल. पण कुणी न सांगता मॉडेलने स्वतः ती जागा शोधली, हे पाहून तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. ती त्याला म्हणाली, "हा आकडा छोटा आहे, पण हा मेंदूचा आहे."

साठीच्या वरचा आकडा म्हणजे तरी काय, हा हिशेबही त्यानेच लावला. ४५ ट्रायलमध्ये नुसत्या नशिबावर पन्नास टक्क्यांच्या पुढे जाणं सहज शक्य असतं. नशिबाची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आणायची, तर ४५ पैकी किमान २९ बरोबर यायला हवीत, म्हणजे सुमारे ६४ टक्के. आणि शंभरेक माणसं तपासली तर त्यांतले चारेक जण काहीही न करता ती रेघ ओलांडतील. त्यामुळे "अमक्या माणसावर मॉडेल छान चालतं" असं एकेकट्याविषयी म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करायचा, हे पक्कं झालं. कॉमन स्पेशियल पॅटर्न्स आणि साधा रेषीय वर्गीकरणकार या जुन्या पद्धतीशीही तुलना केली. तोच मधला पट्टा, त्याच लयी. दोन्हींमध्ये सांगण्याजोगं अंतर उरलं नाही. नेटवर्कचं कौतुक करायला आलेल्या मुलीने हे पोस्टरवर स्वतःहून ठळक अक्षरांत लिहिलं, याचा मला अभिमान आहे.

यातून मी काय बदललं

आता मी कुणालाही तयार स्क्रिप्ट देत नाही. विभागणीचा कोड विद्यार्थ्यानेच लिहायचा आणि जोडीदाराने तो ओळीओळीने वाचायचा. पहिलं मॉडेल चालवण्याआधी लेबलं विस्कटून काय येतं ते पाहायचं, आणि विस्कटण्याची पातळी कुठली व का हे लिहून ठेवायचं. यात एक आठवडा जातो. जाऊ द्यावा.

जोडीचा आग्रह तर मी अधिकच धरते. हे प्रकरण उलगडणारे प्रश्न बहुतेक मेंदू-मानसशास्त्राच्या बाजूने आले आणि त्यांची उत्तरं मिळवायची ताकद संगणकाच्या बाजूने आली. त्याला एकट्याला दुसरा प्रयोगही चालवता आला नसता. तिला एकटीला नजरेचा संशय आला नसता. संगणकाची मुलं येतात तेव्हा त्यांना मेंदूविज्ञान "नंतर वाचून घे" असं सांगण्याची पद्धत आहे, आणि ती मला चुकीची वाटते. टोपी चढवताना माणूस कसा अवघडतो, केव्हा कंटाळतो, कुठे पाहतो, हे एकदा बघितलेलं असलं की डेटाकडे बघण्याची नजरच बदलते.

अशा संधी शोधणाऱ्या मुलांकडून मला विचारणा येते, तेव्हा मी त्यांना मार्गदर्शकालाच काही प्रश्न विचारायला सांगते. माझा कोड कोण वाचणार? आठवड्यातून कितीदा भेटणार? निकाल शून्य आला तर तो मांडता येईल का? काम छापलं गेलं तर माझं नाव कुठे असेल? हे विचारणं उद्धटपणा नाही. यांची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत त्याला विद्यार्थी नको असतो, फुकटचे हात हवे असतात. डेटा साफ करणं, लेबलं लावणं ही कामं कमी प्रतीची नाहीत, आमच्याकडे १२८ हर्ट्झची भानगड त्याच कामातून सापडली. पण ते काम कुठल्या प्रश्नासाठी चाललंय हे करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. आणि मानधनाबद्दलही स्पष्टच बोलायला हवं. दहा आठवडे बिनपगारी बसणं ज्याला परवडतं त्यालाच जर संधी मिळणार असेल, तर आपण हुशारी निवडत नाही.

ज्याच्या आसपास लॅबच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी वाट पूर्वीपेक्षा नक्कीच रुंद झाली आहे. फिजिओनेट, ओपनन्यूरो, डँडी या संग्रहांत माणसांच्या आणि प्राण्यांच्या मेंदूच्या खऱ्या नोंदी खुल्या आहेत. ईईजीसारख्या नोंदींच्या विश्लेषणाचं एमएनई-पायथॉन हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचे धडे उत्तम आहेत. २०२० पासून न्यूरोमॅच अकादमीचे ऑनलाइन वर्ग चालतात आणि त्यांत गटाने प्रकल्प करायचा असतो. पण एकट्याने काम करणाऱ्याला "अरे, मग एकदा बघ ना करून" असं म्हणणारा कुणी भेटत नाही, ही उणीव खुल्या डेटाने भरून निघत नाही. एक तरी जोडीदार शोधावा, आणि शक्यतो दुसऱ्या विषयातला.

पोस्टरनंतर

पोस्टरवर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारे चार स्तंभ होते : तुकडे मिसळून, माणसांनुसार, फक्त डोळे, फक्त मधला पट्टा. पहिल्या स्तंभाशेजारी तेवढ्याच उंचीचा, विस्कटलेल्या लेबलांचा एक राखाडी स्तंभ. बघायला आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "शेवटचा स्तंभ एवढाच का?" ती म्हणाली, "सर, सरासरी एवढी आहे. माणसागणिक पाहिलं तर काहींवर चांगलं चालतं आणि काहींवर अजिबात नाही." आणि त्याने माणसागणिकचा आलेख काढून पुढे केला.

तोच आलेख आता त्यांचा पुढचा प्रकल्प आहे. मेंदू-संगणक जोडणी, म्हणजे विचारावर चालणारं उपकरण, वापरणाऱ्यांत साधारण १५ ते ३० टक्के लोकांना ती नीट साधतच नाही, हे या क्षेत्रात बऱ्याच काळापासून सांगितलं जातं. २०१० मध्ये ८० नवख्या लोकांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की स्वस्थ बसलेलं असताना ज्याची म्यू लय जोरकस, त्याचा पुढचा निकाल चांगला. दोन्हींतला सहसंबंध ०.५३ होता. आमच्या डेटात प्रत्येक माणसाची डोळे उघडे ठेवून स्वस्थ बसल्याची एक मिनिटाची फेरी आहेच, आणि आम्ही ती इतके दिवस उघडलीसुद्धा नव्हती. एका मिनिटाच्या नोंदीवरून कुणावर मॉडेल चालेल हे आधीच सांगता येतं का, ते त्यांना पाहायचं आहे. यावेळी शिकवणीचा कोड तो लिहितो आहे, आणि प्रत्येकाची म्यू लय डोळ्यांनी तपासून तिची वही ती भरते आहे.